वाळूज जर्मनीत, हिंगोलीत अख्खा देश: जीएसएलबीच्या लोकेशन सेटिंगचा अनुभव

काम कागदावर सोपं होतं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका उद्योगसमूहाचं पुरवठादार पोर्टल तीन ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायचं: मुंबई, हैदराबाद आणि फ्रँकफर्ट. वाळूज आणि शेंद्र्याचे कारखाने, लातूरचं कार्यालय, नांदेडचं गोदाम आणि मराठवाडाभर पसरलेले लहान पुरवठादार यांना जवळचा सर्व्हर मिळावा, जर्मन ग्राहकांना फ्रँकफर्ट मिळावं, आणि एक जागा पडली तर दुसरीने आपसूक भार उचलावा. यासाठी डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, चालणारं ग्लोबल सर्व्हर लोड बॅलन्सिंग, म्हणजे जीएसएलबी, नेटस्केलर या भार वाटणाऱ्या यंत्रावर (पुढे त्यालाच ‘बॉक्स’ म्हटलंय) लावायचं ठरलं. जोडणीला दोन दिवस पुरले. लोकेशनच्या सेटिंगने मात्र पुढचे कित्येक दिवस खाल्ले, म्हणून इथे मुख्यतः त्याच भागाबद्दल.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवावी लागते. जीएसएलबीला वापरणारा माणूस दिसत नाही. लातूरच्या कार्यालयात कोणी पोर्टलचं नाव टाइप केलं की तो प्रश्न त्याच्या डीएनएस रिझॉल्व्हरकडे, म्हणजे त्याच्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे, जातो आणि रिझॉल्व्हर आपल्या बॉक्सला विचारतो. बॉक्सला दिसतो तो या रिझॉल्व्हरचा आयपी पत्ता. तो पत्ता लोकेशनच्या फाइलीत, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या ठिकाणचा हे सांगणाऱ्या यादीत, शोधला जातो आणि त्यावरून मुंबई की हैदराबाद हे ठरतं. म्हणजे ‘लातूरला जवळचा सर्व्हर’ असं आपण म्हणत असलो तरी यंत्र बघतं ते ‘लातूरचा रिझॉल्व्हर जिथे आहे तिथून जवळचा सर्व्हर’. लातूरचा रिझॉल्व्हर लातुरात असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतोच.

म्हणून बॉक्सला हात लावायच्या आधी एक तक्ता केला. प्रत्येक ठिकाणासाठी चार रकाने: बाहेर दिसणारा पत्ता, रिझॉल्व्हरचा बाहेर दिसणारा पत्ता, लोकेशनची फाइल त्याला कुठला म्हणते, आणि आपल्याला कुठला सर्व्हर मिळायला हवा. रिझॉल्व्हरचा पत्ता काढायला सोपी युक्ती आहे. अकामाय कंपनीचं ‘हूॲमआय’ हे डीएनएसमधलं नाव विचारलं की उत्तरात विचारणाऱ्या रिझॉल्व्हरचाच पत्ता येतो. प्रत्येक ठिकाणच्या एका माणसाला फोनवर बसवून एनएसलुकअप ही डीएनएसला विचारायची आज्ञा चालवायला लावलं. पाच मिनिटांचं काम, पण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच उघडी पडली.

वाळूजच्या ओळीत रिझॉल्व्हर निघाला जर्मनीतला. कारण साधं होतं. कारखान्यातला विंडोज डीएनएस सर्व्हर बाहेरचा प्रत्येक प्रश्न भागीदार कंपनीच्या मुख्यालयातल्या डीएनएसकडे फॉरवर्ड करत होता, कारण वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. इतर संकेतस्थळांना त्याने फारसं बिघडत नव्हतं. पण जीएसएलबी लागू झाल्यावर अख्खं वाळूज जर्मन ठरून फ्रँकफर्टला गेलं असतं. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला ६५ मिलिसेकंद हवेतच, आणि तार कधी सरळ जात नाही. पोर्टलचं एक पान उघडताना अशा वीस-पंचवीस फेऱ्या होतात.

इथे पहिला मोह होतो तो त्या जर्मन रिझॉल्व्हरचा पत्ता हाताने ‘महाराष्ट्र’ म्हणून नोंदवण्याचा. तसं करू नये. त्याच रिझॉल्व्हरमागे खरे जर्मन लोकही आहेत, ते सगळे मुंबईला येतील. उपाय वाळूजच्याच डीएनएसवर करायचा: पोर्टलच्या त्या एका उपनावापुरता स्टब झोन, म्हणजे ‘या नावासाठी थेट यांनाच विचार’ असा कप्पा, बनवला आणि त्यात आपले तीन ऑथोरिटेटिव्ह डीएनएस, म्हणजे त्या नावाचं अधिकृत उत्तर देणारे तीन बॉक्स, दिले. बाकीचे सगळे प्रश्न जुन्या वाटेनेच जातात. पोर्टलचा प्रश्न वाळूजमधून थेट येतो, वाळूजचा पत्ता घेऊन. फायरवॉलवर त्या सर्व्हरला बाहेर ५३ नंबरचं पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर उघडावं लागलं. फक्त यूडीपी उघडून काम झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. उत्तर मोठं झालं आणि रिझॉल्व्हर टीसीपीवर आला की त्यांची गाडी अडते.

आता लोकेशनची फाइल. नेटस्केलरसोबत एक तयार फाइल येते. शिवाय मॅक्समाइंड कंपनीची जिओलाइट२ फाइल सीएसव्ही स्वरूपात घेऊन, सोबत मिळणाऱ्या पर्ल स्क्रिप्टने बदलून वापरता येते. जिओलाइट२ फुकट आहे, पण ३० डिसेंबर २०१९ पासून खातं उघडून लायसन्स-की घेतल्याशिवाय उतरवता येत नाही. ज्यांच्या जुन्या स्क्रिप्ट थेट दुव्यावरून फाइल ओढत होत्या त्यांच्या फाइली त्या दिवसापासून जिथल्या तिथे थिजल्या. तसे बॉक्स अजूनही सापडतात. फाइल आहे, चालू आहे, फक्त जुनी आहे. आयपी पत्त्यांचे गट एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जातात, त्यामुळे तेव्हाचा युरोपचा गट आज भारतात असू शकतो.

फाइलीतल्या प्रत्येक ओळीत पत्त्यांची सुरुवात, शेवट आणि मग टिंबांनी जोडलेली सहा पातळ्यांची पट्टी बसते: खंड, देश, राज्य, शहर, पुरवठादार, संस्था. बॉक्स विचारणाऱ्याची पट्टी काढतो, तिन्ही सर्व्हरच्या पट्ट्या काढतो आणि ज्याच्याशी डावीकडून जास्त पातळ्या जुळतात तो निवडतो. नांदेडची पट्टी ‘एएस.आयएन.एमएच.नांदेड’ असेल आणि मुंबईच्या सर्व्हरची ‘एएस.आयएन.एमएच.मुंबई’, तर तीन पातळ्या जुळल्या. हैदराबादशी दोनच. नांदेडला मुंबई मिळणार. इतका सरळ हिशेब आहे, आणि त्याचं सगळं बळ पट्टीतल्या शब्दांच्या स्पेलिंगवर उभं आहे.

म्हणून नियम लिहायच्या आधी फाइल उघडून आपलं राज्य तिथे कसं लिहिलंय ते डोळ्यांनी पाहावं. एकीकडे एमएच, दुसरीकडे पूर्ण महाराष्ट्र, आणि मॅक्समाइंडच्या जुन्या पिढीच्या फाइलींत तर १६ असा नुसता आकडा, कारण त्या भारतासाठी एफआयपीएस नावाची जुनी अमेरिकन कोडपद्धत वापरत. हैदराबादच्या बाबतीत गोम वेगळी. तेलंगणाचा आंतरराष्ट्रीय (आयएसओ) कोड टीजी होता, तो २०२३ च्या नोव्हेंबरात टीएस झाला. ओडिशा, छत्तीसगड आणि उत्तराखंडचेही कोड त्याच वेळी बदलले. सर्व्हरची नोंद आपण हाताने टीजी अशी केली आणि फाइलीत निजामाबादचा माणूस टीएस असेल, तर राज्याची पातळी जुळत नाही. हिशेब देशाच्या पातळीवर घसरतो, तिथे मुंबई आणि हैदराबाद सारखेच ठरतात आणि उत्तरं आळीपाळीने दोन्हींकडे वाटली जातात. कुठेही चूक म्हणून संदेश येत नाही. पोर्टल चालतं, फक्त निम्मे तेलंगणावाले मुंबईला जातात. महाराष्ट्राचा कोड या फेऱ्यात बदलला नाही, एवढी आपली सुटका.

शहराच्या पातळीवर तर आपल्या भागात जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. औरंगाबाद नावाचं शहर बिहारातही आहे. आपल्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. आंतरराष्ट्रीय फाइलीत नवं नाव कुठल्या दिवशी उतरेल हे आपल्या हातात नाही, आणि ज्या दिवशी उतरेल त्या दिवशी जुन्या नावावर लिहिलेला नियम मुकाट्याने मरेल. राज्याच्या पातळीवर थांबलं की हा घोर राहत नाही. हाताने केलेल्या नोंदींत मात्र आपल्या आवडीचं नाव द्यायला हरकत नाही. तिथे ते आपल्याच ओळखीसाठी असतं.

पट्ट्यांऐवजी अक्षांश-रेखांशावरून अंतर मोजून जवळचा सर्व्हर द्यायचा, असंही करता येतं. ऐकायला तेच जास्त शास्त्रीय वाटतं, म्हणून चाचणीसाठी आधी तेच लावून पाहिलं. मराठवाड्याच्या नकाशावर हे गंमतशीर दिसतं. सरळ रेषेत छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड मुंबईला जवळ. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव हैदराबादला जवळ. नांदेडहून हैदराबाद सुमारे २३० किलोमीटर, मुंबई ४६५. म्हणजे आठ जिल्ह्यांची तीन आणि पाच अशी फाळणी. निजामाच्या काळचा माणूस म्हणेल, बरोबरच आहे.

पण इंटरनेटची तार निजामाच्या रस्त्याने जात नाही. नांदेडच्या गोदामातून पॅकेटची वाट दाखवणारा ट्रेसराउट लावला तर हैदराबादला निघालेलं पॅकेट आधी मुंबईला गेलं, तिथे पुरवठादाराच्या मोठ्या जाळ्यात चढलं आणि मग हैदराबादला उतरलं. नकाशावर जवळ ते तारेवर लांब. उलट अंतराचा जो फायदा मिळायला हवा तो आहे तरी किती? २३५ किलोमीटरच्या फरकाला जाण्यायेण्याचे जेमतेम अडीच मिलिसेकंद. एवढ्यासाठी जिल्ह्यांची फाळणी करण्यात अर्थ नाही.

अंतराच्या पद्धतीत याहून मोठा खड्डा आहे. ज्या पत्त्याचं शहर फाइलीला माहीत नसतं, फक्त देश माहीत असतो, त्याला देशाच्या मध्याचा एक बिंदू चिकटवला जातो. जुन्या फाइलींत भारतासाठी हा बिंदू २० अक्षांश, ७७ रेखांश असा गोल आकड्यांत होता. नकाशावर टेकवून पाहा: वाशीम जिल्ह्यात, हिंगोली शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर. म्हणजे काश्मीरपासून केरळपर्यंत ज्याचा ठाव लागला नाही तो प्रत्येक पत्ता हिंगोलीच्या वेशीवर राहायला येतो, आणि तिथून हैदराबाद जवळ असल्याने सगळा अनोळखी भारत हैदराबादच्या डोक्यावर बसतो. सिटी प्रकारच्या फाइलीत अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये दिलेली असते. ती शेकड्यांत असेल तर तो बिंदू शहर म्हणून धरू नये. पण अंतर मोजणारे बरेचसे नियम त्या त्रिज्येकडे बघतच नाहीत. ती पद्धत आम्ही त्याच दिवशी काढून टाकली आणि पट्ट्यांवर आलो. मराठवाडा सगळा मुंबईकडे, मुंबई पडली तर हैदराबाद.

पट्ट्यांच्या पद्धतीत सर्वांत आधी नोंद करायची ती आपल्याच तीन सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्यांची. हे बहुतेक जण विसरतात. सर्व्हर कुठे आहे हेसुद्धा बॉक्स त्याच फाइलीतून शोधतो. क्लाउडमधला पत्ता मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी फाइलीत तो कंपनीच्या अमेरिकेतल्या नोंदणीवर दाखवलेला असू शकतो. मग मुंबईचा सर्व्हर उत्तर अमेरिकेत गणला जातो आणि महाराष्ट्रातला कोणीच त्याच्याशी जुळत नाही. तिन्ही पत्ते एकेकट्याने, सुरुवात आणि शेवट तोच पत्ता देऊन, हाताने नोंदवले. हाताची नोंद फाइलीवर मात करते.

त्यानंतर आपल्या शाखांच्या नोंदी. इथे जवळून दाखवण्यासारख्या दोन चुका घडल्या. उदाहरणातले पत्ते लिखाणासाठी राखून ठेवलेल्या गटातले घेतो. वाळूजच्या लाइनला आठ पत्त्यांचा गट आहे असं समजा: २०३.०.११३.४० ते २०३.०.११३.४७. कारखान्यातल्या माणसाने फोनवर शेवटचा आकडा सांगितला, ‘सत्तेचाळीस’. ऐकणाऱ्याच्या हाताने आधी सात उमटला, मग चार. नोंद झाली ४० ते ७४. बॉक्सने मुकाट्याने घेतली, कारण त्याच्या दृष्टीने तो वैध पल्ला आहे. त्यात भलत्याच ग्राहकांचे सत्तावीस पत्ते वाळूजच्या नावावर चढले. तेव्हापासून फोनवर पत्ता सांगताना एकेक अंक सुटा म्हणायचा, ‘चार, सात’, आणि नोंद झाल्यावर शेवट उणे सुरुवात अधिक एक हा आकडा लाइनच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायचा, हा नियम केला. मराठीत संख्या एककापासून म्हणतात, याचा असा फटका बसेल असं कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. शेंद्र्याच्या कारखान्याच्याही आठ पत्त्यांची बिनचूक नोंद केली होती, तरी तिथून उत्तर कधी मुंबईचं, कधी हैदराबादचं येत होतं. तिथे सगळ्या संगणकांत डीएनएस म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता भरलेला होता. गूगलचा रिझॉल्व्हर प्रश्न पुढे पाठवताना वापरणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग सोबत जोडतो. या पद्धतीला ईडीएनएस क्लायंट सबनेट, थोडक्यात ईसीएस, म्हणतात, आणि आरएफसी ७८७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २०१६ साली ती लिहून ठेवली गेली. पण पूर्ण पत्ता जात नाही. खासगीपणा जपायला आयपीव्ही४ चे पहिले २४ बिट, म्हणजे चारपैकी पहिले तीन आकडे, जातात, शेवटचा आकडा शून्य होतो. म्हणजे शेंद्र्याचा पत्ता १९८.५१.१००.८५ असला तरी बॉक्सला दिसतो १९८.५१.१००.०. आपली नोंद ८० ते ८७ ची. शून्य त्यात बसत नाही. नोंद बरोबर, तरीही निरुपयोगी. शोध मोठ्या फाइलीकडे जातो, आणि तिथे त्या गटाचं राज्यच दिलेलं नव्हतं, फक्त देश.

यावर दोन वाटा. एक, अख्खा २४ बिटांचा गट, म्हणजे ० ते २५५, राज्याच्या पातळीपर्यंतच नोंदवायचा. शेजारचे पत्तेही त्यात येतात, पण ते त्याच पुरवठादाराचे, बहुधा त्याच भागातले. महाराष्ट्र म्हणून गणले गेले तर कोणाचं काही बिघडत नाही. दुसरी वाट, शाखेत स्वतःचा रिझॉल्व्हर बसवायचा आणि त्याचाच पत्ता नोंदवायचा. लहान शाखांना पहिली, मोठ्या कारखान्यांना दुसरी, असं केलं.

ईसीएस बॉक्सवर जीएसएलबीच्या व्हर्च्युअल सर्व्हरला वेगळं चालू करावं लागतं. चालू करताना त्याच्या शेजारची पत्ता तपासण्याची सेटिंगही चालू करावी. ईसीएसमधून खासगी पत्ता आला, तर ही तपासणी तो बाजूला ठेवते आणि रिझॉल्व्हरच्या पत्त्यावर निर्णय घेते. नाहीतर कुठल्या तरी अंतर्गत नेटवर्कचा १० ने सुरू होणारा पत्ता फाइलीत शोधला जातो आणि अर्थातच सापडत नाही. आपल्या खासगी लाइनवरून थेट येणाऱ्या शाखांचे खासगी पल्ले मात्र हाताने नोंदवावे लागतात. ते कुठल्याच जगाच्या फाइलीत नसतात.

सगळेच रिझॉल्व्हर ईसीएस पाठवत नाहीत. १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता खासगीपणासाठी मुद्दाम पाठवत नाही. क्वाड९ चा ९.९.९.९ पाठवत नाही, त्याचाच ९.९.९.११ पाठवतो. इंटरनेट पुरवठादारांचे बरेचसे रिझॉल्व्हर पाठवत नाहीत. अशा वेळी निर्णय रिझॉल्व्हरच्याच पत्त्यावर, हे गृहीत धरूनच नियम लिहावेत.

मोबाइलवरच्या पुरवठादारांसाठी काही बारीक करायचा प्रयत्नच करू नये. बदनापूर किंवा उदगीरच्या वर्कशॉपमधला मोबाइल पुरवठादाराच्या सामायिक पत्त्यामागे असतो. आतला पत्ता १००.६४ पासून सुरू होणाऱ्या राखीव गटातला, बाहेरचा हजारोंनी वाटून घेतलेला, आणि तो मुंबईत, पुण्यात किंवा हैदराबादेत बाहेर पडतो. देशाची पातळी जुळली, फ्रँकफर्टला गेला नाही, पुष्कळ झालं. इथे एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली होती, ती आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीची. मोबाइलवरची बरीच वाहतूक आयपीव्ही६ वर असते, आणि नेटस्केलरमध्ये आयपीव्ही६ ची लोकेशन फाइल वेगळ्या आज्ञेने वेगळी चढवावी लागते. ती चढवली नव्हती. आयपीव्ही६ वरून आलेला प्रत्येक रिझॉल्व्हर बेपत्ता ठरत होता आणि बॅकअप पद्धतीने, म्हणजे आळीपाळीने, तिन्ही सर्व्हरवर वाटला जात होता. गोदामातून फोन आला, ‘साहेब, कंपनीच्या वायफायवर बरं चालतंय, मोबाइलवर लईच हळू चालायलंय.’ त्या एका वाक्यात निदान होतं. वायफाय आयपीव्ही४, मोबाइल आयपीव्ही६.

त्यातून बॅकअप पद्धतीचाही विचार झाला. ज्याची पट्टीच सापडत नाही त्याला आळीपाळीने फ्रँकफर्टही मिळतं. आमचे नव्वद टक्क्यांहून अधिक वापरणारे भारतातले असताना ते योग्य नव्हतं. भार वजनानुसार वाटून फ्रँकफर्टचा वाटा अगदी कमी ठेवला. रिझॉल्व्हरला पिंग करून वेळ मोजायची डायनॅमिक पद्धतही बॅकअप म्हणून देता येते, पण बरेच रिझॉल्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत, डीएनएसच्या तपासणीलाही नाही. मोजमाप अर्धवट राहतं, आणि रिझॉल्व्हरच्या सुरक्षा विभागाकडून ‘तुम्ही आम्हाला का खडखडावताय’ अशी विचारणा येते ती वेगळीच.

सीमेवरच्या लोकांचा प्रश्न उरतो. बीदरचे दोन पुरवठादार उदगीर-लातूरशी व्यवहार करतात. बीदर कर्नाटकात, म्हणजे मुंबई आणि हैदराबाद दोन्हींशी देशापुरतंच जुळणार. एकदा मुंबई, एकदा हैदराबाद. पोर्टलमध्ये लॉगिन असल्याने मधेच सर्व्हर बदलला की माणूस बाहेर फेकला जातो. त्यासाठी पर्सिस्टन्स चालू केला, म्हणजे एकदा दिलेलं उत्तर त्याच रिझॉल्व्हरला ठरावीक वेळ पुन्हा द्यायचं. तिन्ही ठिकाणच्या बॉक्सवर पर्सिस्टन्सचा क्रमांक एकच असावा लागतो. एका ठिकाणी तो वेगळा पडला तर पर्सिस्टन्स चालू दिसतो आणि काम करत नाही. पत्ता जुळवायचा मास्कही २४ बिटांचा ठेवला, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे तर रिझॉल्व्हर एकच धरायचा, कारण मोठ्या पुरवठादारांचे रिझॉल्व्हर पाच-सहा पत्त्यांच्या ताफ्यात असतात आणि प्रत्येक प्रश्न वेगळ्या पत्त्यावरून येऊ शकतो.

टीटीएल, म्हणजे रिझॉल्व्हरने उत्तर साठवून ठेवायची मुदत, ६० सेकंद ठेवला. याहून कमी केला तर प्रश्नांचा भडिमार वाढतो, जास्त ठेवला तर बंद पडलेल्या सर्व्हरकडे लोक जात राहतात. पण आपण ६० लिहिले म्हणून जग ६० पाळतं असं नाही. जावाच्या जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सिक्युरिटी मॅनेजर नावाची सोय चालू असेल, तर एकदा मिळालेला पत्ता प्रोग्रॅम बंद होईपर्यंत धरून ठेवला जातो. एका पुरवठादाराचा बिलं पाठवणारा प्रोग्रॅम असाच होता. मुंबई चाचणीसाठी बंद केल्यावर सगळे हैदराबादला गेले, तो एकटा मुंबईच्या दारात उभा. त्यांच्या जावाच्या सेटिंगमध्ये पत्ता धरून ठेवायची वेळ ३० सेकंद लिहून घेतली.

तिन्ही बॉक्स एकमेकांना आपापल्या सर्व्हरची तब्येत कळवतात ते टीसीपीच्या ३०११ पोर्टवर, सुरक्षित प्रकारात ३००९ वर. ही वाट तुटली की दुसरीकडचे सर्व्हर बंद आहेत असा समज होऊ शकतो, म्हणून प्रत्येक सेवेला ती चालू आहे का हे पाहणारा स्वतंत्र मॉनिटरही जोडला.

पोर्टलचं नाव जीएसएलबीकडे हलवायच्या आधी चाचणी केली. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग या साधनात सबनेटचा पर्याय असतो, त्यात कुठलाही पत्ता घालून आपण त्या ठिकाणी असल्यासारखा प्रश्न विचारता येतो. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी तिन्ही डीएनएसना थेट विचारलं: मुंबईच्या बॉक्सला, हैदराबादच्या, फ्रँकफर्टच्या. तिन्हींचं उत्तर एकच यायला हवं. लातूरच्या ओळीवर फ्रँकफर्टचा बॉक्स वेगळं बोलला. जीएसएलबीच्या सेटिंगची नक्कल बॉक्स आपसांत करून घेतात, पण लोकेशनची फाइल मात्र आम्ही प्रत्येक ठिकाणी स्वतः नेऊन ठेवत होतो, आणि फ्रँकफर्टला आधीच्या महिन्याची राहिली होती. रिझॉल्व्हर तिन्हींपैकी कुणालाही विचारू शकतो. एक बॉक्स वेगळा बोलला तर तक्रार दहातून तीन वेळाच येते आणि पकडायला सर्वांत अवघड तीच.

उत्तरातलं स्कोप नावाचं घरही डिगमध्ये पाहावं. तिथे २४ असेल तर गूगल ते उत्तर त्या गटापुरतंच साठवतो. शून्य असेल तर साठवलेलं उत्तर सगळ्यांना वाटतो, आणि पहिला विचारणारा दुबईचा असला तर नंतरचे सगळे दुबईकर. आमच्याकडे एकदा शून्य दिसलं तेव्हा एका बॉक्सवर ईसीएस चालू करायचं राहून गेलं होतं.

नाव हलवायच्या आदल्या दिवशी मूळ झोनमध्ये पोर्टलच्या नावाचा टीटीएल ८६,४०० वरून ३०० केला. सुट्टीच्या दिवशी सकाळी सीनेम, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी डीएनएसमधली नोंद, बदलला. पहिल्या तासात लातूरची एक लाइन तुटली आणि कार्यालय दुसऱ्या पुरवठादाराच्या लाइनवर गेलं. त्या दुसऱ्या लाइनचा पत्ता तक्त्यात नव्हता. दोन लाइन असतील तर दोन्हींची नोंद लागते, शिवाय दुसरी लाइन वापरात असताना रिझॉल्व्हर कुठला दिसतो हेही तपासावं लागतं. लातूरला ते मुद्दाम लाइन उपसून पाहिलं.

आता जिओलाइट२ ची फाइल मंगळवारी आणि शुक्रवारी नवी निघते. आम्ही महिन्यातून एकदाच चढवतो. चढवण्याआधी तक्त्यातल्या प्रत्येक पत्त्याचं जुन्या आणि नव्या फाइलीतलं उत्तर शेजारी-शेजारी काढतो. फरक दिसला तर आधी हाताची नोंद, मग फाइल. मागच्या वेळी हिंगोलीच्या एका पुरवठादाराचा गट फाइलीत गुजरातला गेलेला दिसला. एका ओळीची नोंद केली, तिन्ही बॉक्सवर फाइल ठेवली आणि डिगने पुन्हा तीन वेळा विचारून पाहिलं.